जाळायला निघालेलं पातं

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे मी आडवेतिडवे फिरले, तरी मला एकही पवनचक्की दिसली नाही. आणि गेले होते मी पवनचक्कीच्याच अभ्यासाला! परत आल्यापासून हे इतक्या जणांना सांगितलंय, की लोक आता मी तोंड उघडायच्या आधीच हसतात. हसा बापड्यांनो. तुम्ही त्या उन्हात गेला असतात म्हणजे कळलं असतं.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. पुण्यात आमचं एक लहानसं ऑफिस आहे. एखादी वस्तू जन्माला आल्यापासून मोडीत निघेपर्यंत तिने हवेचं, पाण्याचं आणि जमिनीचं किती वाटोळं केलं, याचा हिशेब आम्ही मांडतो. पवनचक्की फिरताना धूर सोडत नाही, म्हणून सगळे तिला सोवळी समजतात. पण तिचा खांब लोखंडाचा, आणि ते लोखंड कुठूनतरी खणून काढावं लागतं. तिचं पातं काचेच्या धाग्यांचं आणि चिकट रसायनाचं. ते म्हातारं झालं की कुजत नाही, वितळत नाही, भंगारवालासुद्धा हात जोडतो. मग ते सिमेंटच्या भट्टीत जाळतात. माझ्या माहेरी, साताऱ्याच्या पठारावर, जुन्या चक्क्या उतरवून नव्या उभारायचं चाललं होतं. नव्या खांबांना लागणारं खनिज गडचिरोलीच्या बाजूचं, आणि जुनी पाती जाळायची भट्टी चंद्रपूरच्या बाजूला. आमचे सर म्हणाले, "नंदा, जन्म आणि मरण दोन्ही टोकं स्वतः बघून ये." सर स्वतः एसी सोडून कुठे जात नाहीत.

सूरजागडच्या पायथ्याशी

आलापल्लीला मुक्काम केला. खाणावळीत भात, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. वर हिरवंगार काहीतरी भुरभुरवलेलं. वाढणारा म्हणाला, "सांबार टाकू का अजून?" आमच्याकडे सांबार इडलीबरोबर येतं, इथे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. मी पुन्हा पुन्हा मागून घेतली. भाताचे ढीग मात्र असे, की आमच्याकडे एवढ्यात पंगत उठेल.

दुसऱ्या दिवशी एटापल्लीकडून सूरजागडच्या वाटेला लागले. रस्ता तांबडा, झाडं तांबडी, म्हशी तांबड्या. खाणीच्या अलीकडच्या नाक्यावर एका पहारेकऱ्याने अडवलं.

"कुठी चाल्ल्या?"

"खाण बघायला. पवनचक्कीचा अभ्यास करतेय मी."

"पवनचक्की इथी नाई, बाई."

"अहो माहितीय मला. पण इथलं लोखंड पवनचक्कीत जातं ना?"

त्याने आपल्या मोटरसायकलकडे बोट दाखवलं. "लोखंड तर माह्या गाडीत बी हाय. तिचा अभ्यास कराले कोनी आलं नाई अजून."

परवानगी पुण्याहून मेलवर आलेली, पण मोबाईलला रेंज नाही, म्हणजे परवानगीही नाही. त्याचंही बरोबरच होतं. मग मी समोरच्या टपरीवर बसून ट्रक बघत राहिले. किती गेले ते मोजायला सुरुवात केली आणि कंटाळून सोडून दिलं. चहावर तांबूस साय धरत होती. टपरीवाली म्हणाली, "माह्यी पांढरी साडी होती. आता लाल झाली. नवरा म्हनते, लाल तुले शोभते." ती हसली, मीही हसले. माझा पांढरा कुर्ता संध्याकाळी धुतला तर बादलीत होळी झाली. जन्माचं टोक बघून झालं, असं मी स्वतःला बजावलं.

मार्कंड्याला तळपाय भाजले

वाटेत चामोर्शीजवळ मार्कंडादेवाला उतरले. वैनगंगेच्या काठी दगडी देवळांचा अख्खा मेळावा आहे. मूर्ती इतक्या कोरीव, की मान दुखेपर्यंत बघावं. ज्याचं मरण जवळ आलं होतं आणि ज्याने महादेवाच्या पिंडीला मिठी मारून यमाला परत पाठवलं, त्या मार्कंडेय ऋषींचं हे ठाणं. मी चपला बाहेर काढल्या आणि भर दुपारी फरशीवर पाऊल ठेवलं. अगं आई गं! तव्यावर भाकरी टाकावी तसं झालं. देवापर्यंत मी लंगडी घालत गेले. एक आजीबाई सावलीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "सकाळी या लागते, बाई. दुपारी इथी देव बी बाहेर निघत नाई." हे आधी सांगायला काय झालं होतं!

राजुऱ्याहून वर

राजुऱ्याला पोपटराव भेटले. पोपटराव म्हणजे साताऱ्याहून जुनं पातं घेऊन निघालेल्या ट्रेलरचे चालक. कोरेगावचे, म्हणजे गाववालेच. त्यांना बघून मला भरून आलं. त्यांना मात्र माझ्यापेक्षा मी आणलेली चटणी बघून जास्त भरून आलं. ट्रेलरवर पातं आडवं पडलेलं. आमच्या पठारावर ते वर फिरताना नाजूक दिसायचं. जमिनीवर आल्यावर कळलं, दोन एसट्या एकामागे एक लावल्या तरी ते पुरून उरेल.

इथून भट्टीपर्यंत मी ट्रेलरमधूनच जायचं ठरवलं, डिझेल किती लागतं ते स्वतः बघावं म्हणून. हमरस्त्यावर पुलाचं काम निघालेलं. पोपटरावांनी मोबाईलमधल्या बाईचं ऐकलं. ती म्हणाली डावीकडे वळा, हे वळले. ती म्हणाली सरळ जा, हे डोंगर चढायला लागले. मी म्हटलं, "पोपटराव, तिला आपल्या मागं काय आहे ते माहिती नाही." ते म्हणाले, "ताई, कोरेगावापासनं आणलंय तिनं मला. आता तिच्यावर अविश्वास दाखवणं बरं न्हाई."

वाटेत एक नाला लागला. मे महिना सरत आलेला, नाला कोरडाठाक, म्हणून ट्रेलर खडखडत पार गेला. पलीकडे जंगलाच्या कडेला एक गाव. त्याचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढे कळेलच.

बांधलेलं गाव

गावात शिरताना एक वळण आहे. उजवीकडे मोहाचं जुनं झाड, डावीकडे कुडाचं घर. पोपटरावांनी ट्रेलर वळवला आणि तो मधोमध अडकला. तोंड गावात, शेपूट गावाबाहेर. मोहाचं झाड तोडायचं नाव काढायची सोय नव्हती, आणि घर तर कुणाचंतरी घरच होतं.

मी खाली उतरले. एक म्हातारे गृहस्थ वाकून ट्रेलरच्या खालून राखेची रेघ ओढत होते. एका चाकाला त्यांनी शांतपणे वळसा घातला आणि पलीकडून आलेल्या रेघेला आपली रेघ जोडली. मग उठून गुडघे झटकले. म्हणाले, "झालं. बांधलं."

"काय बांधलं?"

"गाव."

हे लच्छूभाऊ, गावचे भुमक, म्हणजे पुजारी. पेरणीच्या आधी एक दिवस ही गोंडांची गावं बांधून घेतात. शिवेवर पूजा करतात, रेघ ओढतात. त्या दिवशी रोगराई आत शिरू नये म्हणून दुसऱ्या सकाळपर्यंत आतलं बाहेर जात नाही आणि बाहेरचं आत येत नाही. आमच्याकडे गावदेवीच्या जत्रेला उलट सगळा तालुका आत लोटतो आणि वर जेवायला मागतो.

"अहो भाऊ, पण आमची गाडी अर्धी आत आहे!"

"अर्धी बाहेर बी हाय."

"मग बाहेरची मागे घेऊ द्या."

"बाहेरची जाऊ द्या ना. आतली नोका नेऊ."

"अर्धी गाडी कशी जाईल?"

"तेच म्हनून राह्यलो मी," लच्छूभाऊ म्हणाले आणि आम्हाला चहाला घेऊन गेले.

चहा गुळाचा, बिनदुधाचा, फर्मास. गाव गोळा झालं. सगळे पाहुणचाराच्या गोष्टी बोलत होते, तेवढ्यात कुणीतरी साधं विचारलं, "हे एवढं मोठं कुठी नेऊन राह्यले, भाऊ?"

पोपटराव बशीतला चहा फुंकत म्हणाले, "भट्टीत. जाळायला."

सगळ्यांनी हातातल्या बश्या खाली ठेवल्या. मला कळेना काय झालं ते. मग लच्छूभाऊंनी समजावलं. जे जाळायला किंवा पुरायला निघालं, ते गावाच्या पोटातून नेत नाहीत, वळसा घालून नेतात. आणि गाव बांधलेलं असताना तसलं काही आत थांबलं, तर बांधणंच फुकट गेलं. म्हणजे पातं गावात थांबू शकत नाही. आणि गाव बांधलेलं, म्हणजे ते बाहेरही जाऊ शकत नाही.

मी सुशिक्षित. गप्प बसले असते तर आमच्या घराण्याला बट्टा लागला असता. मी उठून त्यांना समजावलं, की काळजी करू नका, हे पातं म्हणजे काही माणूस नव्हे. फक्त ते वीसेक वर्षं राबलं, थकलं, त्याचं आयुष्य संपलं, आणि आता आम्ही त्याला शेवटच्या ठिकाणी पोचवतोय.

"म्हनजे सुतक हाय," मागून एक जण म्हणाला.

पोपटरावांनी माझ्याकडे असं बघितलं, की त्यांच्यापेक्षा मीच जास्त गाढव ठरले. लोक काही भोळे नव्हते बरं. पातं काचेचं आहे हे त्यांनी माझ्याआधी टिचकी मारून बघितलं होतं. पण नेम तो नेम. आम्ही नाही का, कोरी गाडी आणली की चाकाखाली लिंबू ठेवतो आणि वर इन्शुरन्सही काढतो.

सभा सुरू झाली. इथे हात वर करून बहुमत घेत नाहीत. सगळ्यांचं एक होईपर्यंत बोलत बसतात. एकाने सुचवलं, ट्रेलरला गावाबाहेर धरू. मग पोपटरावांना चहाला कसं आत घेतलं, असा प्रश्न आला. दुसऱ्याने सुचवलं, पात्याभोवती वेगळी रेघ ओढून त्यालाच एक गाव धरू. ते बऱ्याच जणांना पटलं, पण मग त्या गावाचा भुमक कोण, यावर पुन्हा अडलं. पोपटराव म्हणाले, "मी होतो." त्यांना खाली बसवलं.

तेव्हा रैनूबाई उठली. ती गावची आशाताई, म्हणजे दवाखान्याची गोळ्या-औषधं घरोघर पोचवणारी. पदर कमरेला खोचलेला, आवाज खणखणीत.

"म्या एक इचारते. हे जाळाले नेलंच नाई तर?"

"तर?" लच्छूभाऊ म्हणाले.

"तर ते मेलं नाई. मंग राहू द्या ना इथीच. नाल्यावर आडवं टाका."

मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी आल्या तवा नाला कोरडा होता. पानी आलं का दोन-दोन दिवस कोनी पार होत नाई. मांगच्या पावसात एक बाई नाल्याच्या काठीच बाळंत झाली. म्या अन् चार बायांनी लुगडी धरून आडोसा केला. पोरगं वाचलं, नशीब. यंदा माह्या पोरीचे दिवस भादव्यात भरते. ते बघा, तिकडं बसली हाय." कुडाच्या भिंतीला टेकून एक मुलगी बसली होती, विशीतली, पोटावर हात ठेवून. "पुलाचं दरसाल इचारते म्या. दरसाल सायेब येऊन मोजून जाते. तुमचं हे आयतं आलं हाय, अन् तुमी जाळाले नेता."

मला ते पटलं, खोटं कशाला बोलू? पण लगेच धास्ती वाटली. पातं माझं नाही. पवनचक्कीवाल्याचं आहे. आणि पातं जळलं नाही तर माझ्या हिशेबाला शेवटच नाही. मी म्हटलं, "मला सरांना विचारावं लागेल."

"इचारा. पन रेंज टेकडीवरच हाय," रैनूबाई म्हणाली, "अन् टेकडी शिवेच्या भायेर."

पुन्हा सभा. या वेळी लवकर एकमत झालं. पात्याचं टोक शिवेबाहेर, टेकडीच्या चढाला लागलेलं आहे. बाई पात्यावरून रांगत टोकापर्यंत गेली आणि तिचं पाऊल जमिनीला लागलं नाही, तर ती बाहेर गेली असं होत नाही. पन्नाशीची मी, गुडघे दुखतात, तरी भर उन्हात त्या तापलेल्या पात्यावर पोटाने सरपटत निघाले. खालून सगळं गाव बघत होतं. मधोमध गेल्यावर पातं जरा हललं आणि मी किंचाळले. लच्छूभाऊ ओरडले, "पाय खाली नोका सोडू!"

टोकाला रेंज आली. सर म्हणाले, "नंदा, तुला तेच सांगायला कधीचा फोन लावतोय. भट्टीवाले अख्खं पातं घेत नाहीत. भट्टीचं तोंड लहान आहे. कापून आणा म्हणतात."

"सर, मग ते साताऱ्यातच कापून का नाही पाठवलं?"

"कापायला डिझेल लागतं ना. हिशेब वाढला असता."

मी पात्याला मिठी मारून पडले होते म्हणून, नाहीतर फोन फेकून दिला असता. एवढं अख्खं राज्य ओलांडून आणलेलं पातं, आणि भट्टीचं तोंड लहान! मी सरांना नाल्याचं सांगितलं. त्यांनी तिकडून पवनचक्कीवाल्याला फोन लावला आणि पुन्हा मला लावला. तो म्हणे, त्याला ते परत नकोच होतं. तपासणाऱ्या बाईंनी जबाबदारी घेतली तर कुठेही टाका.

तपासणारी बाई म्हणजे मी. भट्टीचं पाप कागदावर मांडायला मी तयार होते. पण हे उद्या एखाद्या गरोदर पोरीखाली मोडलं तर? रांगत परत आले. रैनूबाईने पाणी दिलं. ते एका दमात संपवलं. मग म्हटलं, "उद्या नाल्यावर टाकून बघू. मी तपासल्याशिवाय कुणीही चालायचं नाही."

लच्छूभाऊंनी सभेला विचारलं, "आता हे जाळाले चाल्लं का?"

"नाई!"

"मंग राहू द्या." आणि गावाने भातावर उडदाचं वरण आणि आंब्याचं पाणी केलं. पोपटराव इतके जेवले, की त्यांना उद्या गावातून सोडायचं का नाही यावरही चर्चा झाली.

नाला

सकाळी लच्छूभाऊंनी पायाने राखेची रेघ पुसली आणि गाव सुटलं. ट्रेलर मागे घेतला, बैलजोड्या लावल्या, दोर, ओंडके, आरडाओरडा. पातं नाल्यावर आडवं पडायला दुपार झाली. पोपटराव म्हणाले, "ताई, आता आमच्या साताऱ्याचं पातं चंद्रपुरात पूल झालं. घरी सांगितलं तर बायको म्हनंल, परत प्यायला लागलात." बुडाचा जाड भाग अलीकडे, निमुळता पलीकडे. दोन्ही टोकं दगडांत दाबली, वर बांबूच्या कामट्या आडव्या बांधल्या, बाजूला बांबूचा कठडा.

मी खालून ठोकून बघितलं, तडे बघितले, कागदावर गणित केलं. गणित म्हणत होतं, चालेल. एका वेळी मोजकीच माणसं, जनावर नाही, गाडी नाही. सरकारी परवानगीही नाही, म्हणून तर गावाचं नाव लिहिलं नाही. लच्छूभाऊंनी गणित ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तपासणारी तूच. पयले तूच चाल."

माझं वजन मी इथे सांगणार नाही. गावाने ते अंदाजाने सांगितलं आणि सगळ्यांना तपासणी योग्य वाटली. मी कठडा धरून निघाले. मधे गेल्यावर ते खालीवर हललं. मी रामरक्षा सुरू केली, अर्ध्यात विसरले, परत सुरू केली. पलीकडे पोचले तेव्हा काठावरून टाळ्या. माझ्या मागून पोपटराव, मग लच्छूभाऊ, मग डोक्यावर औषधांची पेटी घेऊन रैनूबाई, अशी झरझर चालत आली जणू तिचीच वाट होती. मी तिला दटावून सांगितलं, पाणी पात्याला लागलं की कुणी चढायचं नाही. दर महिन्याला दगड बघायचे. ती म्हणाली, "बघते जी. माहीच पोरगी जानार हाय ना."

पुण्याला आल्यावर सर म्हणाले, "पण हिशेबात पात्याचं मरण कुठल्या वर्षी धरायचं?"

"अजून वापरात आहे, असं लिहा."

"कधीपर्यंत?"

"ते त्या नाल्याला विचारा," मी म्हटलं. सर चिडले. पण माझाही पारा चढलेला होता, आणि माझा पारा त्यांना ठाऊक आहे.

पावसाळा लागला आणि माझी झोप उडाली. विदर्भात पूर म्हटलं की मी टीव्ही बंद करायची. जेवण जाईना. नवरा म्हणाला, "एवढी भीती वाटत होती तर जाळून टाकायचं होतंस." त्या दिवशी त्याला मी उपाशी ठेवला.

भाद्रपदात एका दुपारी ऑफिसात फोन आला. रैनूबाई.

"बाई, पोरगी काई पात्यावर चढली नाई हो."

मी खुर्चीतून उठले. "म्हणजे?"

"कळा सुरू झाल्या, नाल्यापर्यंत आनली. काठावर बसली अन् म्हने, मी नाई जात, हालते ते. मेली तरी नाई जात म्हने."

"मग? रैनूबाई, मग काय झालं?"

"मंग म्याच गेली पल्याड. दवाखान्यातून नर्सबाईले घेऊन आली."

"ती आली? त्या पात्यावरून?"

"रडत आली जी. बसून बसून, सरकत सरकत आली. मले शिव्या देल्या, तुमाले बी देल्या. पन आली. पावसाचं आमच्या गावात आजवर कोनी नर्स आली नव्हती. पोरगी झाली. दोगी बऱ्या हाय."

मी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. सर केबिनमधून बाहेर आले आणि परत आत गेले.

"बाई, ऐकून राह्यल्या ना? नर्सबाई आता परत जाले तयार नाई. म्हने पानी उतरू द्या, मंग जाते. माह्याच घरी जेवते. अन् तिच्याम्होरं सारं गाव लायनीत बसलं हाय. कोनाचा ताप, कोनाची खाज, म्हाताऱ्यांचे डोळे. लच्छूभाऊनं बी गुडघे दाखवले. अन् तिनं तुमाले निरोप देला हाय."

"काय?"

"त्या पवनचक्कीवाल्या मॅडमले सांगा म्हने, बाजूले अजून एक पातं टाका. एकट्यावर लय भेव लागते."

मी डोळे पुसले आणि पोपटरावांना फोन लावला.